दादरला गल्लीतून गल्लीत निघता येतं, मग उपनगरात का नाही?

तुमचा प्रश्न असा की, कांदिवली पूर्वेला खिडकीतून समोर दिसणाऱ्या इमारतीत जायला एवढा वळसा का पडतो, आणि शहर पसरलं की असं होणारच का? होणारच असं नाही. आधी रस्ते आखले की आधी इमारती उठल्या, यावर ते ठरतं.

1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, मुंबईत शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. दादर-माटुंग्याला तिने आधी रस्ते पाडले, मग प्लॉट भाडेपट्ट्याने दिले. म्हणून हिंदू कॉलनीत एक रस्ता खणलेला असला (आणि कुठला तरी असतोच!) तरी शेजारच्या गल्लीतून निघता येतं. पुढे 1915 च्या नगररचना कायद्याने उपनगरांत टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग, स्कीम आल्या. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्त्यांपुरती थोडी थोडी प्रत्येकाकडून घ्यायची, उरलेल्यातून नीट आकाराचे प्लॉट परत द्यायचे. पार्ले-सांताक्रूझला फिरताना हे अजून जाणवतं.

नंतरच्या वाढीत मोठमोठ्या जमिनींचे लेआउट बिल्डरांनी सुटे सुटे केले. आतला रस्ता गेटपाशी संपतो. शेजारच्या लेआउटला तो जोडण्यात बिल्डरचा फायदा नाही, आणि घर घेणाऱ्यालाही दारातून परक्या गाड्या नकोच असतात. मग सगळ्यांचा भार एकाच हायवेवर. रेल्वेमार्ग आणि नॅशनल पार्क यांचे अडसर वेगळेच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांच्या 2020 च्या अभ्यासात 1975 पासून जगभर नवे रस्ते कमी जोडलेले होत गेल्याचं दिसलं. रस्ते जिथे मिळतात तिथे किती फाटे फुटतात, बंद गल्ल्या किती, वळसा किती, असं त्यात मोजतात. अमेरिकेत नव्वदच्या दशकात हे टोकाला जाऊन मग थोडं सुधारलं.

पण तिथल्या बंद गल्लीत मोजके बंगले असतात, आपल्याकडे त्याच जागी टॉवर. त्यामुळे नुसती दाट वस्ती केली की चालत कामं होतात, हे मला पटत नाही.

पुनर्विकासात इमारत बदलते, पण तोही सोसायटीगणिक होतो, म्हणून कंपाउंडची भिंत बहुधा तिथेच राहते. तुमच्याकडे करण्यासारखं एकच दिसतं: दोन्ही सोसायट्यांच्या सामायिक भिंतीत पायी जाण्यापुरतं दार मागा. आधी 2034 च्या विकास आराखड्यात तिथून डीपी रोड, म्हणजे आराखड्यात ठरवलेला रस्ता, दाखवलाय का ते बघा. असेल तर सोसायटीच्या सभेत आणि वॉर्ड ऑफिसात बोलायला काहीतरी हातात राहील.