गरम होणारा एक्स्टेन्शन बोर्ड

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा एक्स्टेन्शन बोर्ड कूलर आणि इस्त्री एकाच वेळी लावल्यास गरम होतो. तो बदलावा का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बदलावा, आणि लगेच. बोर्डाच्या वयापेक्षा त्यातील पितळी पट्ट्यांची पकड महत्त्वाची असते. प्लग वारंवार काढल्या-घातल्याने त्या सैल पडतात, संपर्काच्या जागी रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) वाढतो आणि तेथेच उष्णता साठून प्लास्टिक पिवळे पडते, प्रसंगी वितळते. ६ अँपिअरच्या बोर्डावर २३० व्होल्टला एकूण १३८० वॉटपर्यंतच भार घालता येतो. १००० वॉटची इस्त्री आणि २०० वॉटचा कूलर या हिशेबात बसतात खरे, परंतु नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सतरंजीखाली दडवलेल्या वायरीला (हा प्रकार घरोघरी दिसतो) थंड व्हायला वाव उरत नाही. इस्त्री भिंतीवरील सॉकेटलाच जोडावी.

नवा बोर्ड घेताना आयएसआय चिन्ह आणि तीन तारांची वायर पाहावी. दोन तारांच्या बोर्डात अर्थिंगच (गळती वीज जमिनीत नेणारी तिसरी तार) नसते, त्यामुळे पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरल्यास ओल्या हाताला जीवघेणा धक्का बसू शकतो.