ल्युपसचे सलाईन आणि कॅन्सरची धास्ती

वेंगुर्ल्याजवळच्या गावातून आलेल्या 38 वर्षांच्या वहिनींनी खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारले, "मॅडम, खरा काय ता सांगा, माका कॅन्सर झालो काय?" ल्युपसमुळे त्यांच्या मूत्रपिंडांना सूज आली होती आणि सायक्लोफॉस्फामाइडचे सलाईन सुरू झाले होते, मात्र शेजारच्या खाटेवर केमोथेरपी घेणारी बाई होती आणि दोघींच्या कागदावर औषधाचे नाव एकच निघाले. त्या घरी पोचण्याआधी बातमी वाडीत पोचली होती.

ल्युपस म्हणजे कॅन्सर नव्हे, हे मी आधी स्पष्ट केले. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते, तेव्हा तिला आवरण्यासाठी हेच औषध कमी मात्रेत देतात. वहिनींना दर पंधरवड्याला 500 मिलिग्रॅम, असे सहा डोस, म्हणजे एकूण 3 ग्रॅम मिळणार होते. या औषधाने पुढे मूत्राशयाचा कॅन्सर होण्याचा धोका एकूण मात्रेनुसार वाढतो, आणि 3 ग्रॅम ही त्या मानाने थोडी मात्रा आहे. तरीही लघवीत रक्त दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचे.

"म्हणजे धोका नाहीच ना?" यजमानांनी विचारले. खोटा दिलासा मी देत नाही. अनेक देशांतील 16,000 हून अधिक ल्युपस रुग्णांचा जो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कॅन्सरचे एकूण प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी जास्त आढळले. नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा एक कॅन्सर) चौपटीहून अधिक होता, पण मुळात विरळ असलेला आजार चौपट झाला तरी विरळच राहतो. स्तनाचा कॅन्सर उलट कमी आढळला. हे ऐकल्यावर वहिनी प्रथमच पाठ टेकून बसल्या.

बोलताना त्या पदर तोंडाशी धरत होत्या. तो सरकला तेव्हा दातांवरचा काळा थर दिसला: मशेरी, दिवसातून चार वेळा, पहिली पहाटे चुलीपाशी. सलाईनपेक्षा मला त्या डबीची काळजी अधिक वाटली, आणि तसे मी बोलूनही दाखवले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणीही महत्त्वाची ठरते. ती त्यांनी कधीच केली नव्हती. भीतीपोटी बंद केलेली, ल्युपस आटोक्यात ठेवणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळी पुन्हा सुरू करण्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे करून दिले.

निघताना डबी पिशवीतच होती. "दोन वेळांवर आणते" एवढेच त्या म्हणाल्या. पॅप तपासणी पुढच्या सलाईनच्या दिवशीच ठरवली, म्हणजे एसटीचा एक फेरा वाचेल.