ताप नसताना बाळाला पॅरासिटामॉल का देतात?

तुम्ही विचारलंय की २८ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाला 'पीडीए' (हृदयाजवळची एक नळी जन्मानंतरही उघडी राहणं) निघाल्यावर डॉक्टर तापाचं औषध का देताहेत, आणि त्या औषधाच्या पेटंटचं काय. घाबरू नका, हा मान्य उपचार आहे.

पोटात असताना फुप्फुसांना काम नसतं, म्हणून त्यांच्याकडचं रक्त एका छोट्या नळीतून थेट महाधमनीत जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ती दोन-तीन दिवसांत मिटते. लवकर जन्मलेल्यांत प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलंच एक रसायन तिला उघडी ठेवतं. रक्त उलट फुप्फुसात शिरतं, बाळाला धाप लागते, इवल्याशा तळहातावरही नाडी उडताना जाणवते. पॅरासिटामॉल हेच प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. आधी इंडोमेथासिन आणि आयबुप्रोफेनच होती, पण त्यांचा किडनीवर ताण जास्त. काही नळ्या औषधाविनाही मिटतात, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा कधी करणार ते नक्की विचारा.

पेटंटचं म्हणाल, तर पॅरासिटामॉलवर आता कुणाचाच हक्क नाही, म्हणूनच ते इतकं स्वस्त. पण त्याच कारणाने नवजातांवरच्या चाचण्यांसाठी पैसा ओतायला कंपन्यांना फारसा रस नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उलट ७०० ग्रॅमच्या बाळालाही चालणारं, वाटाण्याहून लहान असं नळी बंद करायचं उपकरण एका कंपनीनेच आणलं. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली.