पिवळसर अंग, कुशीवर काळा ठिपका असलेला दोन इंची मासा कोणता? मित्र म्हणतो, चिलापीचं पिल्लू आहे, काढून टाक. याच्यासोबत कोणते मासे ठेवू?

चिलापी अजिबात नाही. तुमच्या वर्णनावरून हा ऑरेंज क्रोमाइड, म्हणजे स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस. मित्राचं ऐकून काढून टाकू नका.

तुमच्या मित्राचं हेच वाक्य मी माझ्या चुलतभावाकडून ऐकलंय. दादा माझ्या आधीपासून मासे पाळतो, म्हणून घरात त्याचाच शब्द चालायचा. सिक्लिड (चिलापी ज्या कुळातली, ते मासे) म्हणजे आफ्रिकेचे नाहीतर अमेरिकेचे, आपल्याकडे दिसते ती फक्त बाहेरून आणलेली चिलापी, असं त्याचं ठाम म्हणणं. मोझांबिकची चिलापी १९५२ साली भारतात आणली, हे खरं. पण करिमीन (केरळात आवडीने खातात तो पर्लस्पॉट), कॅनरा पर्लस्पॉट आणि हा क्रोमाइड, हे तीन सिक्लिड मूळचे इथलेच आहेत. क्रोमाइड केरळच्या खाड्यांत आणि श्रीलंकेतही सापडतो.

पुढे माझ्या टाकीतल्या क्रोमाइडच्या जोडीने दगडाच्या आडोशाला अंडी चिकटवली. एकेक अंडं बारीक देठावर डोलत होतं आणि नर-मादी आळीपाळीने पर हलवून त्यांवर पाणी खेळतं ठेवत होते. पिल्लं पोहायला लागली तशी आईबापांच्या कुशीला धडकून परत फिरायची, अंगावरचा चिकट स्राव टिपून खायची. मोझांबिकच्या चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, नर बघतही नाही. दादाला समोर बसवून हे दाखवलं, तर म्हणे, "असतं एखादं वेगळं!"

मग मी त्याला काटे मोजायला लावले. तुम्हीही तेच करा. पोटाखाली, शेपटीच्या आधी जो पर असतो, तो पसरलेला असताना बाजूने फोटो काढा. त्या चिलापीला तिथे कडक काटे तीन, क्रोमाइडला बारा किंवा जास्त. रंगावरून वाद घालू नका, मासा घाबरला की फिका पडतो.

एक राहिलं. करिमीनच्या पिल्लालाही तिथे इतकेच काटे असतात. अंगावर उभे पट्टे आणि खवल्यांवर मोत्यासारखे ठिपके दिसू लागले तर ते करिमीन, आणि ते वीतभर सहज वाढतं, लहान टाकीत मावणार नाही.

सोबत साधारण याच आकाराचे शांत मासे चालतील, पण अंडी घातल्यावर जोडी कुणाला जवळ फिरकू देत नाही. मित्राला मात्र आधी काटे मोजायला सांगा, मग काय बोलायचं ते बोलू दे.