गुणांची वही तिच्या हातातून काढून घ्या

मॅडम, तुम्ही लिहिलंय की सातवीच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा न राहणं) असलेली, वॉकरने चालणारी एक मुलगी आहे. पीटीच्या तासाला ती गुण मांडते, खूश असते, मग आणखी काय करायला हवं? आधी ती वही काढून घ्या. मीसुद्धा एका मुलाला दोन वर्षं कट्ट्यावर दप्तरं राखायला बसवलं होतं. तोही खूश दिसायचा. दहावीच्या निरोपाच्या दिवशी म्हणाला, "सर, मला एकदा तरी आऊट व्हायचं होतं." ते अजून टोचतं.

सुरुवात बैठ्या व्हॉलीबॉलने करा. त्यात सगळा वर्ग खाली बसतो. पॅरालिम्पिकमध्ये महिलांचं नेट 1.05 मीटरवर असतं, तुम्ही त्या उंचीवर साधी दोरी बांधा. चेंडू मारताना बूड जमिनीवरून उठवायचं नाही, हा नियम मात्र कडक पाळा. एरवी सुसाट पळणारी मुलं इथे जागच्या जागी अडकतात आणि घरात हातांवर सरकणारी मुलगी चेंडूपाशी आधी पोचते. पाय ताठरल्यामुळे तिला खाली बसता येत नसेल तर खुर्चीवरून बोशिया हा नेमबाजीचा खेळ घ्या. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायचे, सहा लाल विरुद्ध सहा निळे. विकतचा संच महाग पडतो. जुन्या मोज्यांत तांदूळ भरून शिवलेले चेंडू चालतात, ते फार घरंगळतही नाहीत.

लगोरीत तिला जवळून नेम धरू द्या. किती जवळून, ते मुलांनाच ठरवू द्या, ती नियम फार चोख करतात. पण तिला मुद्दाम जिंकवू नका. ते तिला लगेच कळतं.

पुढेमागे दुसरी मुलं येतील म्हणून सांगतो ते लक्षात ठेवा: डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या सांध्याबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटी नको. स्पायना बायफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेल्या) मुलांना रबरी फुग्यांची ॲलर्जी असू शकते. ऐकू न येणाऱ्यांसाठी शिट्टीबरोबर झेंडा हलवा.

मुख्याध्यापक "पडली तर जबाबदारी कोणाची?" म्हणाले, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 दाखवा. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असं त्यात आहे.

आणि हे सगळं करण्याआधी तिला एकटीला विचारा. कुठे दुखतं, किती वेळात दमतेस, लांबून बघताना कुठला खेळ खेळावासा वाटतो? स्नायू ताठर असले की नुसतं चालण्यातच ताकद संपते. तुमचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर आधीच्या तासाच्या शिक्षकांना सांगून तिला पाच मिनिटं लवकर सोडायला लावा. नाहीतर ती मैदानावर पोचेपर्यंत गडी वाटून झालेले असतात.