‘हेही माळ्यावरच जाणार!’

‘‘मॅडम, कीबोर्ड झाला, बुद्धिबळ झालं, स्केटिंग झालं. सगळं माळ्यावर. आता बासरी हवी म्हणतो. घ्यायची का?’’

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, कुठलंही वाद्य मागणाऱ्या मुलांच्या आया हे विचारतातच. इथे ज्याच्याबद्दल सांगते तो आठवीतला मुलगा, राहणार पुण्यातल्या सहकारनगरचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आईशी बोलून झाल्यावर मी मुलाला एकट्याला आत बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली: या सगळ्यांतलं काय कुणी निवडलं होतं? कीबोर्ड मामेभावाचा, जुना म्हणून मिळालेला. बुद्धिबळ बाबांची हौस. स्केटिंगला सोसायटीतली सगळीच मुलं जायची. आणि बासरी? तुळशीबागेजवळ बांबूला बासऱ्या खोचून फिरणाऱ्या विक्रेत्याकडून त्याने खाऊच्या पैशांतून आणली होती. घरी सांगितलंही नव्हतं. तीन आठवडे तो गच्चीवर नुसती फुंक मारत होता.

बासरीची सुरुवात खरोखरच अशी असते. पेटीवर बोट ठेवलं की सूर येतो. इथे ओठांच्या बारीक फटीतून निघालेला झोत छिद्राच्या पलीकडच्या कडेवर नेमका आदळावा लागतो, तोवर फक्त ‘फू फू’. जोरजोरात फुंकलं तर चक्करही येते. आजी म्हणाली, ‘‘छाती खराब होईल.’’ तसं काही नसतं. श्वास भराभर बाहेर टाकल्याने गरगरतं. थांबलं, बसलं की ठीक होतं. एवढं सोसून जो मुलगा तीन आठवडे गच्चीवर जातो, त्याला ‘धरसोड’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे घरच्यांनी त्याला क्लासला घातलं आणि तिथेच गाडं अडलं. वरची तीन भोकं बंद केली की सा, सहाही बंद केली की खालचा पंचम, म्हणजे प. पण त्याच्या बासरीचा कुठलाच सूर तानपुऱ्याशी जुळेना. सरांनी तपासून सांगितलं, ही सुरात बनवलेलीच नाही, ट्यून केलेली घ्या. आई म्हणाली, ‘‘आधी हीच नीट वाजवून दाखव, मग बघू.’’ खोट्या काट्यावर तोलून वजन कमी भरलं म्हणून माल परत पाठवावा, तसं हे झालं. ‘याला जमत नाही’ असं वाटणाऱ्या पालकांनी आधी वाद्य जाणकाराला दाखवावं.

मुलाचाही हट्ट होता. त्याला लांबलचक बासरी हवी होती, मोठे कलाकार वाजवतात तशी. बासरीवादक पन्नालाल घोषांनी सुमारे बत्तीस इंचांची बासरी शास्त्रीय मंचावर रुजवली, हे त्याला तोंडपाठ! पण त्या भोकांवर त्याची बोटं पोचत नव्हती. एक जरी भोक किंचित उघडं राहिलं तरी खालचा सूर फाटतो. आधी छोटी, हे सरांनीच त्याच्या गळी उतरवलं. मी त्यात पडले नाही.

मी पडले ते मालकीच्या प्रश्नात. आम्ही तिघांनी एका कागदावर लिहिलं: बासरी सरांच्या सल्ल्याने घ्यायची, थोडे पैसे त्याचे. दुपारी शेजारी झोपतात तेव्हा वाजवायची नाही. गुण कमी पडले म्हणून ती कपाटात कुलूपबंद होणार नाही. पाहुण्यांसमोर ‘वाजव रे जरा’ म्हणायचं नाही. आणि सहा महिन्यांनी सोडावीशी वाटली तर सोडू द्यायची, ‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य न उच्चारता. शेवटच्या कलमावर आई बराच वेळ गप्प होती. माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं होतं. सोडायची मुभा नसलेली वस्तू मुलाची होत नाही, ती घरच्यांची राहते आणि तो फक्त सांभाळतो.

मे महिन्यात आईचा चिडून फोन आला. बासरी खिडकीत उन्हात राहिली आणि तडकली. ‘‘किंमतच नाही हो वस्तूची!’’ बांबू वाळला की चिरतो. मी म्हटलं, तुम्ही दुकानात जाऊ नका, त्यालाच सरांकडे पाठवा. तो गेला, चीर भरून तिच्यावर घट्ट दोरा गुंडाळून घेऊन आला. आता बासरी कापडी पिशवीत असते. पिशवी त्यानेच आजीकडून शिवून घेतली.

अधूनमधून आठवडाभर तो हातही लावत नाही. घटक चाचणी असली तर नाहीच. आईला अजून धाकधूक वाटते.

बाबांचं वेगळंच. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांत उत्तीर्ण झालं तर दहावीला वाढीव गुण मिळतात हे त्यांना कळलंय, आणि त्यांनी त्यातल्या पहिल्या, ‘प्रारंभिक’ परीक्षेचा अर्ज आणून टेबलावर ठेवलाय. सवलत खरी आहे, घ्यायलाही हरकत नाही. पण अर्ज भरायचा की नाही हे मुलगा ठरवेपर्यंत तो टेबलावरच राहू द्या, असं मी त्यांना सांगितलंय. ते ‘बरं’ म्हणालेत, जरा नाराजीनेच.