दाढेतलं ‘नॅनो’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दाढ किडली आहे. डॉक्टर ‘नॅनो कॉम्पोझिट’ भरू म्हणतात. साध्या सिमेंटपेक्षा महाग आहे. भरून घ्यावं का?

कॉम्पोझिट म्हणजे बारीक कण मिसळलेला, दाताच्या रंगाचा भरणीचा मसाला. ‘नॅनो’मधले कण किती बारीक, ते आधी बघा. केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. या मसाल्यातले सिलिकाचे कण वीसेक नॅनोमीटरचे. जुन्या कॉम्पोझिटमध्ये कण मोठे असायचे. चावून-घासून ते निखळले की तिथे खड्डे पडायचे, चकाकी जायची, चहाचे डाग बसायचे. नॅनो कण निखळला तरी खड्डा इतका लहान, की नजरेला पृष्ठभाग गुळगुळीतच दिसतो. पुढच्या दातांना मी हा मसाला बिनदिक्कत सुचवते.

दाढेचं गणित वेगळं. वर्षभरात भरणी सुटून पेशंट परत येतो, तेव्हा दोष बहुधा कणांचा नसतो. भरताना लाळ शिरलेली असते, नाहीतर सगळा खड्डा एका दमात भरून वर मसाला कडक करणारा निळा दिवा धरलेला असतो. नेहमीचा मसाला दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थरावर दिवा. म्हणून किमतीआधी ‘रबर डॅम लावता का?’ हे विचारा. दाताभोवती ताणून बसवायचा तो रबराचा पडदा लाळ बाहेर ठेवतो. पेशंट कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

प्रश्न : गार पाणी लागलं की दातातून कळ जाते. नॅनो हायड्रॉक्सीअपटाइटची पेस्ट घेतली, तर फ्लोराइडची बंद करू का?

कळ जाते ती हिरडी सरकून उघड्या पडलेल्या सूक्ष्म नळ्यांतून. दाताचं कवच ज्या खनिजाचं, त्याचेच हे कण. ते नळ्यांच्या तोंडाशी बसून त्या बुजवतात. जपानमध्ये अशी पेस्ट १९८० पासून मिळते. महिनाभर वापरून बघा. पण किडीसाठी फ्लोराइडइतका जुना, भक्कम पुरावा तिच्यामागे नाही. कीड पटकन लागत असेल, तर फ्लोराइड सोडू नका. आणि हो, कडक ब्रश आडवा घासत असाल तर कुठलीच पेस्ट पुरी पडणार नाही.

प्रश्न : नॅनोरोबो रूट कॅनाल करतात म्हणे! थांबू का?

थांबू नका. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये लोहाचा मुलामा दिलेले सिलिकाचे मळसूत्री कण (हेच ते नॅनोरोबो) चुंबकाने दाताच्या नळ्यांत खोलवर नेले आणि तापवून तिथले जंतू मारले. काम सुंदर आहे, पण ते काढलेल्या दातांवर. तुमची दाढ तोंडात आहे आणि ठणकते आहे. सोमवारची अपॉइंटमेंट रद्द करू नका.